पंधराव्या वर्षापर्यंत पेपर वाचता येत नव्हता, त्याच माणसानं 'अशुद्ध' इंग्रजीचं व्याकरण लिहिलं

एक फूट, दोन फीट. एक टूथ, दोन टीथ. मग एक बूट, दोन बीट का नाही?

'सिंग'चा भूतकाळ 'सँग', 'रिंग'चा 'रँग'. पण 'ब्रिंग'चा 'ब्रँग' लिहिला की वहीवर लाल रेघ ठरलेली. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकानं हे कधी ना कधी घोकलंय आणि कारण विचारलं की एकच उत्तर ऐकलंय. अपवाद आहे, पाठ करा.

आता गंमत बघा. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या काही भागांत लोक खरोखरच 'ब्रँग' म्हणायचे. तिथल्या शाळेतही त्यावर लाल रेघच यायची. पण एका माणसानं ती लाल रेघ मान्य केली नाही. गावातले लोक जी रूपं बोलतात त्यांनाही नियम असतात, असं म्हणून त्यानं ती सगळी गोळा केली, मांडली आणि छापली. त्याचं नाव जोसेफ राइट. ऑक्सफर्ड विद्यापीठात तुलनात्मक भाषाशास्त्राचा प्राध्यापक, सहा खंडांच्या कोशाचा संपादक, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनचा गुरू.

आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर.

गाढवं, बॉबिन आणि अर्धा दिवस शाळा

जोसेफचा जन्म ३१ ऑक्टोबर १८५५ चा. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात ब्रॅडफर्ड शहराजवळ आयडल नावाचं गाव आहे, त्याच्या हद्दीतल्या थॅकली वस्तीत. इंग्रजीत 'आयडल' म्हणजे आळशी, रिकामटेकडा. आपण जन्मभर आयडलच राहिलो, अशी कोटी राइट म्हातारपणीही करायचे. ती विनोदी का वाटायची ते पुढे कळेलच.

वडील विणकर, कधी दगडाच्या खाणीत कामाला. घरात पैसा टिकत नव्हता. सहाव्या वर्षी जोसेफ खाणीवर गाढव हाकायला लागला. पाथरवटांची बोथट झालेली हत्यारं गाडीत भरायची, गाढव हाकत लोहाराकडे न्यायची, धार लावून झाली की परत आणायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच काम.

सातव्या वर्षी तो गिरणीत गेला. ही गिरणी साधीसुधी नव्हती. टायटस सॉल्ट या उद्योजकानं कामगारांसाठी घरं, शाळा, दवाखाना असलेलं एक अख्खं गाव वसवलं होतं, सॉल्टेअर. आज ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं जोसेफ 'डॉफर' झाला. चात्यांवरची भरलेली बॉबिनं काढायची आणि रिकामी चढवायची, असं हे काम. मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या लोकांना हा शब्द सांगावा लागणार नाही. कायद्यानं लहान मुलांना अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा अशी सोय होती. त्या अर्ध्या दिवसात त्याला थोडी आकडेमोड आली. वाचन मात्र आलं नाही.

तेराव्या वर्षी तो दुसऱ्या गिरणीत लोकर निवडायला लागला. एकाच मेंढीची लोकर वेगवेगळ्या प्रतीची असते. हातानं चाचपून, डोळ्यानं पारखून तिचे वेगवेगळे ढीग लावायचे. कसबाचं काम होतं, त्यामुळे पगार बरा होता.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. जेवणाच्या सुट्टीत गिरणीतला कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. जोसेफ ऐकणाऱ्यांत असायचा. युद्धात काय चाललंय हे कळायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, याचा त्याला राग आला. तो स्वतःच अक्षरं शिकला. बायबल आणि जॉन बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' ही त्याची क्रमिक पुस्तकं.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. तो मांडणारा विल्यम फॉर्स्टर हा ब्रॅडफर्डचाच खासदार. गावोगाव शाळा उघडणार होत्या. जोसेफसारखी मुलं आता लहानपणीच वाचायला शिकणार होती, आणि त्याच शाळांमध्ये त्यांच्या घरची बोली खोडून काढली जाणार होती. या कायद्याची ही दुसरी बाजू पुढे राइट यांच्या आयुष्याचं काम ठरली.

रात्रशाळेपासून हायडलबर्गपर्यंत

एकदा वाचता यायला लागल्यावर पोरगा थांबेना. रात्रशाळेत फ्रेंच, जर्मन, मग लॅटिन आणि गणित. रात्री दोनपर्यंत पुस्तकं, पहाटे पाचला उठून गिरणी. अठराव्या वर्षी त्यानं स्वतःचीच रात्रशाळा काढली. जागा म्हणजे विधवा आईच्या छोट्या घरातली झोपायची खोली, विद्यार्थी म्हणजे गिरणीतले सोबती, फी आठवड्याला दोन पेन्स.

एकविसाव्या वर्षी त्याच्याकडे ४० पौंड साठले होते. त्या पैशात त्या काळचा शहाणा कामगार दुकान टाकेल, लग्न करेल. जोसेफनं जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठात एक सत्र शिकायचं ठरवलं. बोटीनं तो बेल्जियममधल्या अँटवर्पला उतरला आणि पैसे वाचावेत म्हणून तिथून हायडलबर्गला टप्प्याटप्प्यानं चालत गेला. नकाशावर सरळ रेघ मारली तरी हे अंतर साडेतीनशे किलोमीटर भरतं.

पैसे संपल्यावर परत आला. शाळामास्तरकी केली, नोकरी सांभाळून परीक्षा दिल्या आणि १८८२ मध्ये पुन्हा हायडलबर्गला गेला. डोक्यात गणित होतं. पण तिथं हेरमान ओस्टहोफ हे प्राध्यापक भेटले आणि गणिताचा विषयच संपला. ओस्टहोफ यांनी त्याला भाषाशास्त्राकडे वळवलं. १८८५ मध्ये जोसेफ राइट डॉक्टर झाले. गाढव हाकण्यापासून पीएचडीपर्यंत २३ वर्षं, आणि त्यातली पहिली नऊ अक्षरओळखीशिवाय.

ओस्टहोफ यांनी असं काय दाखवलं?

इथं थोडं व्याकरण येतं. पण घाबरू नका, यातलं निम्मं तुम्हाला मराठीमुळे आधीच येतं.

शाळेत विकारी आणि अविकारी शब्द शिकवतात. वाक्यात वापरताना ज्याचं रूप बदलतं तो विकारी. 'घोडा'चं 'घोडे' होतं, 'ला' लागायच्या आधी 'घोड्या' होतं. 'कर'चं 'करतो, करते, केलं, करीन' होतं. इंग्रजीतही शब्दांना असा विकार होतो, फक्त आता फार कमी उरलाय. नामाची जेमतेम दोन कामं: अनेकवचन आणि मालकी दाखवणं. क्रियापदाची जास्तीत जास्त पाच रूपं: 'राइट, राइट्स, रोट, रिटन, रायटिंग'. एकट्या 'बी' या क्रियापदाची आठ.

हजार वर्षांपूर्वी असं नव्हतं. जुन्या इंग्रजीत नामांना लिंग होतं, विभक्ती होती, आणि कोणतं नाम कोणत्या गटात पडतं त्यावर प्रत्यय ठरायचे. म्हणजे मराठी माणसाला ती भाषा आजच्या इंग्रजीपेक्षा जास्त घरची वाटली असती. दगडाला 'स्तान' म्हणायचे, त्याचं अनेकवचन 'स्तानस' आणि 'दगडाचा' म्हणायला 'स्तानेस'. आज आपण अनेकवचनाला जो 'स' लावतो आणि मालकी दाखवायला वर स्वल्पविरामासारखी खूण करून जो 'स' लावतो, ते दोन्ही या एकाच गटातून आलेत. बाकीचे गट हळूहळू हरले. डोळ्याचं, बैलाचं अनेकवचन 'न' लावून व्हायचं. त्या गटातला एकच सरळ वारस प्रमाण इंग्रजीत उरला: ऑक्स, ऑक्सन.

मग 'फीट'चं काय? फार पूर्वी 'फोत' म्हणजे पाय या शब्दाच्या अनेकवचनात शेवटी 'इ'चा आवाज होता. पुढे 'इ' येणार आहे म्हटल्यावर जीभ आधीच पुढे सरकायला लागली आणि मधला 'ओ' बदलून 'ए' झाला. नंतर शेवटचा 'इ' गळून गेला, पण त्यानं बदललेला स्वर तसाच राहिला. आपण 'फीट' म्हणतो तेव्हा दीड हजार वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या एका प्रत्ययाची खूण उच्चारत असतो. गूज-गीज, माउस-माइस, मॅन-मेन यांचीही हीच गोष्ट. 'बुक' हा शब्दही याच टोळीत होता. त्याचं जुनं अनेकवचन टिकलं असतं तर आज आपण लायब्ररीतून 'बीच' आणले असते. 'बूट' मात्र फ्रेंचमधून नंतर आला. तोवर हा बदल होऊन गेला होता, म्हणून त्याला साधा 'स'.

'सिंग, सँग, संग' हा प्रकार याहून जुना. इथं प्रत्यय लागत नाही, धातूच्या पोटातला स्वर बदलतो. संस्कृत शिकलेल्याला हे लगेच ओळखू येईल. 'भृ' धातूपासून 'भरति', 'भार', 'भृत' होतात. इंग्रजीतलं वाहून नेणं या अर्थाचं 'बेअर, बोअर, बोर्न' हे त्याच धातूचं सख्खं भावंड. संस्कृत वैयाकरणांनी गुण-वृद्धी म्हणून जे सांगितलं, त्याच्या मुळाशी असलेली स्वरांची ही अदलाबदल ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी अशा सगळ्या कुटुंबात सापडते. राइट यांचा प्रबंध नेमका याच विषयावर होता, ग्रीकमध्ये हे स्वर कसे बदलले यावर. हायडलबर्गला ते संस्कृतही शिकले.

ओस्टहोफ आणि त्यांचे मित्र कार्ल ब्रुगमान यांनी १८७८ मध्ये एक ठाम भूमिका जाहीर केली होती. ध्वनिबदलाचे नियम आंधळे असतात, त्यांना अपवाद नसतात. अपवाद दिसला तर एक तर दुसरा नियम शोधायचा राहिलाय, किंवा लोकांनी एका शब्दाच्या साच्यावर दुसरा ओतलाय. आणि हे नियम बघायचे तर जुन्या पोथ्यांपेक्षा जिवंत बोली बघा, कारण लिहिणारा माणूस सुधारून लिहितो, बोलणारा नाही.

ज्याची स्वतःची बोली आयुष्यभर कुणीतरी सुधारत आलंय, त्या माणसासाठी हा विचार केवढा मोठा असेल याची कल्पना करा.

आपल्याच गावचं व्याकरण

१८८८ मध्ये राइट ऑक्सफर्डला आले. तिथं तुलनात्मक भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते मॅक्स म्युलर, ऋग्वेदाची छापील आवृत्ती काढणारे. त्यांच्या मदतीनं राइट यांना शिकवण्याचं काम मिळालं. त्यात महिलांच्या वर्गांवर व्याख्यानं होती. स्त्रियांना शिकता येत होतं, पदवी मिळत नव्हती. ती मिळायला १९२० उजाडलं. त्या वर्गांतल्या एलिझाबेथ मेरी ली या विद्यार्थिनीशी १८९६ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे दोघांनी मिळून जुन्या आणि मधल्या काळातल्या इंग्रजीची व्याकरणं लिहिली. या पुस्तकांवर दोघांचीही नावं आहेत, जे त्या काळात सहज घडत नव्हतं.

१८९१ मध्ये ते उपप्राध्यापक झाले आणि १८९२ मध्ये त्यांचं एक छोटं पुस्तक आलं. विंडहिल या यॉर्कशरमधल्या गावच्या बोलीचं व्याकरण. विंडहिल म्हणजे जिथं ते वाढले ते गाव.

ऑक्सफर्डमध्ये बसून ग्रीक किंवा गॉथिक भाषेचं व्याकरण लिहिणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. गिरणी कामगारांच्या बोलीचं व्याकरण त्याच पद्धतीनं, त्याच गांभीर्यानं लिहायचं म्हणजे कुणाच्या तरी भुवया उंचावणारच. राइट यांनी कोणताही बाज आणला नाही. जुन्या भाषेतला अमुक स्वर विंडहिलमध्ये काय झाला, अनेकवचन कसं होतं, क्रियापद कसं चालतं, सरळ तक्ते. इंग्लंडमधल्या एखाद्या जिवंत बोलीचं शास्त्रशुद्ध व्याकरण म्हणून आजही पहिल्यांदा याच पुस्तकाचं नाव निघतं.

एक टन चिठ्ठ्या

याच सुमारास त्यांच्यावर दुसरं काम येऊन पडलं. वॉल्टर स्कीट या केंब्रिजच्या अभ्यासकानं १८७३ मध्ये इंग्रजी बोलींच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली होती. गावोगावचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून जमा होत होते. चिठ्ठ्यांचा डोंगर झाला, पण त्याचा कोश करणारा कुणी मिळेना. राइट तयार झाले. त्यांच्या ताब्यात आलेल्या चिठ्ठ्यांचं वजन भरलं सुमारे एक टन.

पैसा लावायला प्रकाशक पुढे येईना. ऑक्सफर्डच्या छापखान्यानं कामाला जागा दिली, पण छपाईची जोखीम राइट यांनी स्वतः घेतली. आगाऊ वर्गणीदार जमवले, स्कीट यांनी पैसे उभे करून दिले, पुढे सरकारकडूनही मदत मिळाली. देशभरातले पाद्री, शिक्षक, डॉक्टर, हौशी लोक पत्रांची उत्तरं देत राहिले. लोकर निवडणाऱ्या हातांना हे काम तसं नवीन नव्हतं. फक्त ढीग आता शब्दांचे होते.

घाई होती. शाळा सुरू होऊन वीस वर्षं झाली होती, रेल्वे सगळीकडे पोचली होती, आणि जुनी रूपं बोलणारे म्हातारे दरवर्षी कमी होत होते. १८९८ ते १९०५ या काळात 'इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी'चे सहा खंड आले. मागच्या दोनशे वर्षांत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडमध्ये वापरात असलेले बोलींतले शब्द त्यात होते. कुठला शब्द कोणत्या परगण्यात बोलतात, याच्या नोंदीसकट.

सहाव्या खंडाच्या शेवटी राइट यांनी एक व्याकरण जोडलं. आपल्या गोष्टीचा गाभा तिथं आहे.

लाल रेघेखालची रूपं

या व्याकरणाचा एक भाग फक्त रूपबदलांचा आहे. नामाची रूपं, सर्वनामांची रूपं, क्रियापदांची रूपं, परगण्यांच्या नावांसह. ते वाचताना शाळेत शिकलेल्या बऱ्याच गोष्टी उलट्या दिसायला लागतात.

'चिल्ड्रन' घ्या. जुन्या काळी मूल या शब्दाचं अनेकवचन 'र' लावून व्हायचं, त्याचं झालं 'चिल्डर'. मग लोकांना तो 'र' अनेकवचनाचा आहे हे जाणवेनासं झालं आणि त्यांनी बैलाच्या गटातला 'न' वर आणखी चिकटवला. म्हणजे प्रमाण इंग्रजीतलं 'चिल्ड्रन' हे दोनदा केलेलं अनेकवचन आहे. यॉर्कशर, लँकशरमधला कामगार 'चिल्डर' म्हणायचा आणि त्याला गावंढळ म्हणायचे. इतिहासाच्या बाजूनं पाहिलं तर जोड लावलेलं रूप मास्तरांचं होतं.

डोळ्यांना उत्तरेत 'ईन' म्हणत आणि बुटांना 'शून'. 'ऑक्सन'चेच हे भाऊ, पुस्तकातून बाहेर राहिलेले.

'फाइव्ह इयर', 'टेन पाउंड' असं 'स' न लावता बोलणं ही अडाणीपणाची खूण मानली जायची. राइट यांनी दाखवलं की यात नियम आहे. आधी संख्या आली आणि नाम काळाचं, वजनाचं किंवा मापाचं असलं की ते एकवचनातच राहतं. एकापेक्षा जास्त आहेत हे संख्येनं आधीच सांगितलंय. आपणही 'पाच किलो', 'दहा मैल' म्हणतोच, आणि त्यासाठी आपल्याला कुणी हसत नाही.

उत्तरेत मालकीचा 'स'ही गाळायचे. 'माय फादर्स हॅट' ऐवजी 'माय फादर हॅट'. दोन नामं शेजारी ठेवली की अर्थ लागतो, मग प्रत्यय कशाला?

सगळ्यात देखणं उदाहरण क्रियापदाच्या 'स'चं. तृतीयपुरुषी एकवचनाला 'स' लावा, अनेकवचनाला लावू नका, हा नियम मराठी शाळेतली पोरंही रडतखडत शिकतात. उत्तर इंग्लंडमध्ये लोक 'बर्ड्स सिंग्ज' म्हणायचे, पण 'दे सिंग'. ऐकणाऱ्याला वाटेल, या माणसाला कधी 'स' लावायचा हेच माहीत नाही. त्याला पक्कं माहीत होतं. कर्ता नाम असेल तर 'स' लागणार, शेजारी सर्वनाम असेल तर नाही. हा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता, आईच्या दुधाबरोबर आला होता.

आणि 'हिमसेल्फ'? 'मायसेल्फ', 'युअरसेल्फ' मध्ये 'माझा', 'तुझा' ही मालकीची रूपं आहेत. त्या हिशेबानं 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ज' व्हायला हवं. बोलींमध्ये नेमकं तेच आहे. नियम मोडून 'हिमसेल्फ' म्हणते ती प्रमाण भाषा.

'गेट'चं 'गेटन' हे रूप यॉर्कशरनं सांभाळलं, तसं अमेरिकेनं 'गॉटन' सांभाळलं. इंग्लंडच्या प्रमाण भाषेनं तो शेवटचा 'न' टाकून दिला. आज सोशल मीडियावर 'गॉटन'वरून अमेरिकनांची खेचणारे इंग्रज बघितले की हा इतिहास त्यांना पाठवून द्यावासा वाटतो.

अर्थात बोलीतलं प्रत्येक रूप जुनंच असतं असं नाही आणि राइट तसं कुठं भासवतही नाहीत. 'नो'चं 'नोड', 'ग्रो'चं 'ग्रोड' ही बोलीतली रूपं नंतरची. तिथं लोकांनी जुना स्वरबदल सोडून सरसकट 'ड' लावायला घेतलं. पण प्रमाण इंग्रजीनंही दुसरं काय केलंय? जुन्या इंग्रजीत पोटातला स्वर बदलणारी क्रियापदं तीनशेच्या आसपास होती, त्यातली बरीच आज 'ड' लावून गप्प बसलीत. 'हेल्प'चं एकेकाळी 'होल्पन' व्हायचं. 'हेल्प्ड' म्हणणाऱ्या पहिल्या माणसालाही कुणीतरी अडाणी म्हटलं असेल. 'वर्क'चं जुनं 'रॉट' हे रूप आता फक्त घडीव लोखंडाच्या वर्णनात उरलंय, आणि त्याच धातूपासून बनलेलं, कारागीर या अर्थाचं नाव खुद्द प्रोफेसर साहेब मिरवत होते.

या कामाला मर्यादा आहेत. राइट यांना माहिती पुरवणारे बहुतेक लोक शिकलेले होते. म्हणजे बोलणारा गाडीवान आणि लिहून पाठवणारा पाद्री. मधे काही ना काही सांडलं असणार. बराच मजकूर आधीच्या छापील शब्दसंग्रहांतून आला होता. शहरातल्या, गिरणीवस्त्यांमधल्या बोलण्यापेक्षा खेड्यातलं बोलणं जास्त आलं, हे गिरणीत वाढलेल्या माणसाच्या कोशाबद्दल थोडं खटकतंच. पुढच्या संशोधकांनी गावोगाव जाऊन थेट बोलणाऱ्यांना गाठलं. पण तुलना करायला त्यांच्या हातात राइट यांचेच खंड होते.

रात्रीचा माणूस

लग्नाआधी राइट ऑक्सफर्डमध्ये एका जोडघरात राहायचे. भिंतीपलीकडे नॉयबाउअर नावाचे हिब्रूचे अभ्यासक. त्यांची नजर अधू, दिव्याच्या उजेडात काम जमत नसे, म्हणून ते सूर्य उगवला की कामाला लागत. राइट रात्रभर काम करून पहाटे झोपायला जाताना भिंतीवर टकटक करून शेजाऱ्याला उठवायचे. ते सुप्रभात म्हणायचे, पलीकडून शुभरात्री असं उत्तर यायचं.

हिशेबी तर इतके की घरात बिअरचं पिंप आणलं तर ते फार लवकर संपतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पिंप मोलकरणीला विकत घ्यायला लावलं आणि स्वतः ग्लासामागे पैसे मोजून पिऊ लागले.

१९०१ मध्ये ते मॅक्स म्युलर यांच्या जागी प्राध्यापक झाले. पुढे बॅनबरी रोडवर मोठं घर बांधलं आणि त्याला जन्मगावाचं नाव दिलं, थॅकली. त्यांना दोन मुलं झाली. दोन्ही लहानपणीच गेली. त्यानंतरही दर रविवारी दुपारी विद्यार्थ्यांसाठी यॉर्कशर पद्धतीचा भरपेट चहा होतच राहिला.

त्या चहाला येणाऱ्यांत टोल्किन असायचा. शाळेत असताना त्याला राइट यांचं गॉथिक भाषेचं जुनं पुस्तक मिळालं होतं आणि त्यानं तो वेडा झाला होता. आता लेखक समोर बसून फळांच्या केकचे जाडजूड तुकडे कापत होता. केक खाऊन झाला की जॅक नावाच्या कुत्र्याचा खेळ. राइट 'स्माकबाग्म्स' हा गॉथिक शब्द उच्चारायचे, अर्थ अंजिराचं झाड, आणि जॅक मिटक्या मारत ओठ चाटायचा. गॉथिक बोलणारी शेवटची माणसं जाऊन शेकडो वर्षं झाली होती, ऑक्सफर्डमधल्या एका कुत्र्याला मात्र त्यातला एक शब्द कळत होता.

राइट यांनी डझनभर भाषा शिकल्या, पण यॉर्कशरचा हेल सोडला नाही. गावी गेले की विंडहिलच्याच बोलीत बोलायचे.

१९२५ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून आला. २७ फेब्रुवारी १९३० ला राइट गेले. १९३२ मध्ये एलिझाबेथ यांनी त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

त्यांचे सहा खंड आता ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठानं संगणकावर चढवलेत. परगणा निवडा, शब्द टाका, कोण कुठं काय बोलायचं ते समोर येतं. ज्यांच्या तोंडून ते शब्द आले त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःचं नावही लिहिता येत नसेल.